डागकाकूंची सुरगाठ

डागकाकूंना खाडी ठाऊक होती ती कपड्यांवरून. खाडीचा चिखल त्यांच्या टेबलावर किती वेळा येऊन गेला असेल याला गणती नाही. कोळ्यांच्या विजारी, मोजणी करणाऱ्या साहेबांचे मोजे, सहलीला गेलेल्या पोरांचे गणवेश, एकदा तर एका नवरदेवाचा अख्खा सूट. कापड उजेडाकडे धरून त्या सांगायच्या की हा माणूस पाणी ओसरल्यावर उतरला, घाईत होता आणि डाव्या पायावर पडला. गिऱ्हाईक तोंडाचा आ वासून बघत राहायचं, कारण ते खरोखरच डाव्या पायावर पडलेलं असायचं.

आणि एवढं असून बाईंनी खाडी कधी डोळ्यांनी बघितली नव्हती. बसने चाळीस मिनिटांचा रस्ता. पण घरच्या धुलाई केंद्राला सुट्टी फक्त मंगळवारी, आणि सहा दिवस जगाचे कपडे धुणारं घर सातव्या दिवशी स्वतःचे धुणार, हे ठरलेलंच. अशी एकेचाळीस वर्षं गेली.

त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. डागकाकू म्हणा, शेंबडं पोरही दुकानापर्यंत आणून सोडेल. चहाचा डाग, शाईचा, गंजाचा, रक्ताचा, औषधाचा. बोटाने चाचपायच्या, नाकाशी न्यायच्या आणि निकाल द्यायच्या. डांबर मात्र त्यांचं खास लाडकं, कारण बाकीच्यांनी हात टेकले की ते त्यांच्याकडे यायचं. खाडी सफरीच्या कचेरीतला तिकीटवाला नुकत्याच डांबर लावलेल्या बाकावर ऐटीत बसला होता आणि त्याची सरकारी विजार त्या बाकासकट उचलायची वेळ आली होती. डागकाकूंनी तेल लावून, मग फडक्याने टिपून, मग साबण लावून तीन दिवसांत विजार अशी करून दिली की त्याला बसायचीच भीती वाटायला लागली. त्या आनंदात त्याने दोन तिकिटं आणून टेबलावर ठेवली. मंगळवारची, ओहोटीची सफर.

डागकाकू नको म्हणणार होत्या. पण त्यांची धाकटी जाऊ, जिला सगळी गल्ली छप्पन्नाव्या वर्षीही धाकटीच म्हणते, ती हात पुसत पुढे आली आणि तिकिटं पदरात टाकल्यासारखी उचलून घेऊन गेली. जायचं म्हणजे जायचं, आणि याच मंगळवारी. ज्याचे डाग जन्मभर काढले त्याला एकदा बघून तर घेऊ, असं तिचं म्हणणं. ते डागकाकूंना पटलं. शिवाय त्यांच्या मनात त्या मंगळवारचं एक वेगळंच काम होतं, आणि ते घरापासून लांब उरकलेलं बरं, असं त्यांना वाटत होतं.

काम असं होतं. डागकाकूंची एकुलती लेक आगगाडीने एका दिवसाच्या अंतरावर राहते. ती नवं घर भाड्याने घेत होती. एकाच इमारतीत दोन घरं रिकामी होती, एक दोन खोल्यांचं, एक तीन खोल्यांचं. आईने कायमचं येऊन राहावं ही तिची इच्छा जुनीच. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, आता आईने उभं राहून काम करायचं नाही, खिडकीत बसायचं, आराम करायचा. घरमालक मंगळवारी दुपारी येणार होता. दोन वाजायच्या आत फोन कर, हो म्हणालीस तर तीन खोल्यांचं घेते, असं तिने निक्षून सांगितलं होतं.

डागकाकूंनी हो म्हणायचं ठरवलं होतं. खिडकीत बसून हातांचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं, पण इथे राहायचं तरी कशाला? तीन आठवड्यांपूर्वी त्या वाळत घातलेल्या चादरींच्या मागे उभ्या होत्या, आणि चादरींच्या पुढे धाकटी आपल्या नवऱ्याला सांगत होती की वहिनींचं ते टेबल तिथून एकदाचं उचलायला हवं. मग यंत्र कपडे पिळायला लागलं आणि त्या घरघरीत पुढचं बुडालं. पण पुढचं ऐकून करायचंय काय, एवढं पुरेसं होतं. टाकीजवळचं, एका दिव्याखालचं, पाय जमिनीत पुरलेलं ते टेबल. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत, पोटाचं निमित्त सांगितलं. धाकटीला काही विचारलं नाही, लेकीबद्दल काही सांगितलंही नाही. सफरीत दीडच्या सुमाराला जरा बाजूला होऊन लेकीला फोन करायचा आणि परतीच्या बसमध्ये धाकटीला सांगून टाकायचं, असा बेत होता. बसमध्ये चारचौघांत कुणाला रडता-भांडता येत नाही.

आता या दोघी जावांचं एक जुनं प्रकरण सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तेवीस वर्षांची होती, डागकाकू तिशीच्या, आणि लेक पाळण्यात. पहिल्याच आठवड्यात दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून इस्त्री करत होत्या. एका हेडक्लार्कच्या कोटाच्या खिशात धाकटीला कवळी सापडली. तिने ती दोन बोटांत धरून कटकट वाजवली आणि अगदी साहेबी आवाजात म्हणाली, "फाइल आणा." एवढ्यात हेडक्लार्क दारात. तोंडावर हात धरलेला. त्याला बोलता येईना आणि या दोघींना थांबता येईना. डागकाकू टेबलाखाली बसल्या, धाकटी टेबलावर आडवी झाली, आणि मधल्या मध्ये इस्त्रीने एका वकिलाच्या पांढऱ्या शर्टाला पाठीवर आपला पूर्ण आकार देऊन टाकला.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी निकाल दिला. थोरली मागे, टाकीकडे तोंड करून. धाकटी पुढे, दाराशी. दोघींची तोंडं एकमेकींना दिसली की एक शर्ट जळतो, हे त्यांचं कायमचं म्हणणं. सासूबाई मधोमध खुर्ची टाकून बसायच्या. त्या गेल्या त्याला बारा वर्षं झाली, खुर्ची मोडून जळणात गेली, पण टेबलं जिथल्या तिथे आणि जावाही. एका घरात राहून, एका चुलीवर जेवून, दोघींचं बोलणं व्हायचं ते बटणं, खळ आणि भाजीपुरतं.

तर मंगळवारी या दोघी खाडीवर उतरल्या त्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. इतर प्रवासी जुनेपाने कपडे घालून आले होते. पण धुलाईवाल्याने चुरगळलेले कपडे घालून चारचौघांत जायचं म्हणजे डॉक्टरने शिंकत फिरायचं. कपड्यांना खळ अशी की चालताना कडकड वाजत होत्या. इतरांना मोठ्या होडीने एकत्र नेलं, तिकीटवाल्याच्या या खास पाहुण्या म्हणून दोघींना वेगळी छोटी होडी आणि वेगळा नावाडी. हा नावाडी बोलण्यात भारी कंजूष. त्याने दोघींना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि एवढंच विचारलं की चिखल असतो, ठाऊक आहे ना.

"आम्ही डाग काढतो, दादा," डागकाकू म्हणाल्या. "लावून घेत नाही."

नावाड्याने दोन लाइफ जॅकेटं पुढे केली. डागकाकूंनी सवयीने आधी त्यांचा वास घेतला. धाकटीच्या जॅकेटचे पट्टे पुढे येऊन एकमेकांना भेटेनात. नावाडी ओढतोय, ती श्वास आत घेऊन उभी, डोळे बाहेर. पट्टा एकदाचा लागला आणि तिने श्वास सोडताच पुन्हा निघाला. डागकाकूंच्या नाकातून एक बारीक आवाज निघाला. तो त्यांनी खोकल्यात लपवला.

होडी झाडांत शिरली आणि बाईंचं भानच हरपलं. दोन्ही बाजूंनी कांदळवन, पानं तेलाचा हात फिरवल्यासारखी चकचकीत, आणि खाली पाणी उतरलेल्या काठावर मुळांच्या कमानी. चिखलातून हजारो बोटं वर आलेली. ही झाडांची नाकं, नावाडी म्हणाला, यांनी ती श्वास घेतात. डागकाकूंनीही भरून श्वास घेतला आणि एकदम धाकटीचा दंड धरला. हा वास. हा तर आपल्या टाकीतला, सोमवारच्या कोळ्यांच्या विजारींचा वास. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडण चाललंय तो हा इथे उन्हात मजेत पसरलाय. त्यांना एखाद्या नातेवाइकाच्या घरी पहिल्यांदा गेल्यासारखं वाटलं, आणि का कोण जाणे, फार आनंद झाला. राखी चिखल कुठला, काळा कुठला, पिवळट कड कशाने येते, सगळं समोर मांडून ठेवलेलं. बाई बोट दाखवून दाखवून सांगत सुटल्या. नावाडी गप्प बसून ऐकत होता, कारण यातलं बरंच त्यालाही नवीन होतं.

चिखलावर निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या. मासे असून जमिनीवर चालत होत्या आणि कुणी बघितलं की लाज वाटल्यासारख्या बिळात जात होत्या. पलीकडे खेकड्यांची पलटण. प्रत्येकाची एक नांगी इवलीशी आणि दुसरी अंगाएवढी, आणि ती मोठी नांगी सगळे मिळून वर-खाली हलवत होते.

"वहिनी," धाकटी हळूच म्हणाली, "सगळे इस्त्रीवाले."

आता जन्मभर जड इस्त्री ओढून धाकटीच्या नवऱ्याचा उजवा हात डाव्याच्या दीडपट झालेला आहे, आणि गिऱ्हाइकाला हाक मारताना तो तोच हात वर करतो. डागकाकूंनी खेकड्यांकडे बघितलं आणि त्यांना शंभर दीर दिसले. या वेळी खोकला पुरला नाही. त्यांनी तोंड फिरवून झाडांकडे बघितलं.

ओहळ अरुंद होत होत एका लाकडी मचाणापाशी संपला. मचाणावर चढून खेकडे आणि पक्षी जवळून बघायचे, अशी सफरीची रीत. शिडी चार पायऱ्यांचीच, पण धाकटीला वर चढवणं म्हणजे एका माणसाच्या दोन्ही हातांचं काम. डागकाकू आधीच वर पोचल्या होत्या. नावाड्याने दोराचं टोक त्यांच्याकडे फेकलं आणि सांगितलं की काकू, एवढं त्या खांबाला बांधा. डागकाकूंनी बांधलं. बघितलंसुद्धा नाही, खांबाभोवती एक वेढा, एक मुरड, एक फासा, झालं. त्यांचं लक्ष खेकड्यांकडे होतं.

इथे थांबून सांगायला हवं की धुलाई केंद्रात दिवसाला पन्नास गाठोडी बांधली जातात आणि प्रत्येकाला सुरगाठ असते. टोक ओढलं की गाठोडं उघडलं पाहिजे. निरगाठ मारणाऱ्याला सासूबाई दुकानात उभं करत नसत. ती सोडवताना नख मोडतं, चादर फाटते, आणि मागे गिऱ्हाइकांची रांग लागते. एकेचाळीस वर्षं, दिवसाला पन्नास. डागकाकूंच्या हातांना दुसरी गाठ जगात आहे हेच माहीत नव्हतं.

नावाडीही धाकटीमागून वर आला, आणि साधारण दहा मिनिटांनी, एक खंड्या मासा घेऊन उडाला त्याच्यामागे बघता बघता, धाकटी अगदी शांतपणे म्हणाली, "वहिनी, आपली होडी चाललीय."

चालली होती खरी. ओसरणाऱ्या पाण्याने दोराचं टोक ओढलं होतं, आणि ओढल्यावर जे व्हायला हवं ते झालं होतं. होडी कसलीच घाई नसल्यासारखी, दोर मागे ओढत, ओहळाच्या तोंडाकडे निघाली होती. तिच्यात डबा होता, थर्मास होता, नावाड्याचा फोन होता, आणि डागकाकूंची पिशवी, जिच्यात त्यांचा फोन होता; धाकटीचा घरीच राहिला होता. शंभरेक पावलांवर ती चिखलाच्या उंचवट्यावर टेकली आणि थांबली. एक बगळा कुठून तरी आला आणि तिच्या टोकावर उभा राहिला.

नावाड्याने खांब बघितला. मग दोघींना बघितलं. एकोणीस वर्षांत माझी होडी कधी सुटली नाही, तो म्हणाला, कुणी बांधली होती.

"मीच. चांगली बांधली होती."

"कशी?"

डागकाकूंनी आपल्या जॅकेटचा लोंबता पट्टा कठड्याला बांधून दाखवला. एक वेढा, एक मुरड, एक फासा. सुबक, घट्ट, बघत राहावी अशी गाठ. नावाड्याने दोन बोटांनी टोक ओढलं. गाठ नाहीशी झाली.

त्याने मोकळा पट्टा उचलून त्यांच्यासमोर धरला. "काकू," तो म्हणाला, "ही गाठ होडीला नसते."

"आमच्याकडे हीच असते," डागकाकू म्हणाल्या.

झालं. धाकटीच्या घशातून उंदीर पकडल्यासारखा आवाज आला. डागकाकूंनी तिच्याकडे बघायला नको होतं, पण बघितलं. मध्ये सासूबाईंची खुर्ची नव्हती. धाकटी कठडा धरून खाली सरकत गेली, तिच्या जॅकेटचा पट्टा पुन्हा टणकन निघाला, आणि मग डागकाकूंचं जे सुटलं ते सुटलंच. हसून हसून मुरकुंडी वळली. नावाडी बिचारा शिडी उतरून चालत जायला निघाला, पहिल्याच पावलाला मांडीपर्यंत आत गेला, कसाबसा परत वर आला आणि पाय पुसायला वाकला. तोच डागकाकू डोळे पुसत, पण अगदी दुकानातल्या आवाजात म्हणाल्या, "चोळू नका. वाळू द्या, मग झाडा." आणि दोघी पुन्हा कोसळल्या. त्या ओल्या फळ्यांवर पांढरेशुभ्र कपडे घालून त्या कशा बसल्या आणि उठताना काय दिसणार, याचं भान दोघींनाही राहिलं नाही.

नावाड्याने सांगितलं की घाबरायचं कारण नाही. आता बारा वाजलेत. एकपर्यंत पाणी उतरेल, मग फिरेल, भरती लागली की होडी उचलेल आणि इकडेच येईल, कारण पाण्याला आत यायला दुसरी वाट नाही. अडीचपर्यंत होडी इथे. तोवर बसायचं.

अडीच. डागकाकूंचं हसू जागच्या जागी थांबलं. लेकीला दोनच्या आत सांगायचं होतं.

आणि जणू कुणी सांगितल्यासारखा त्याच वेळी शंभर पावलांवर फोन वाजायला लागला. त्या सामसूम खाडीत तेवढाच आवाज. बगळ्याने मान वाकडी करून पिशवीत बघितलं. फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. डागकाकू उभ्या राहिल्या, कठड्याला धरून त्या आवाजाकडे बघत राहिल्या. एवढ्याशा चुकीने लेकीचं घर हातचं जाणार, हा विचार त्यांना बोचला. आणि त्या बोचणीच्या आत कुठेतरी, एवढीशी, सुटका झाल्याची भावनाही होती. तिची त्यांना फार लाज वाटली.

"लेकीचा असेल," धाकटी खालूनच म्हणाली.

डागकाकूंनी जॅकेटचा पट्टा बोटाला गुंडाळला.

"तिने मला विचारलं होतं, आईला उशी किती उंच लागते. आठ दिवस झाले."

आता डागकाकूंना वळून बघावंच लागलं. धाकटी फळीवरचा चिखल बोटाने खरवडत होती. हसण्याने आलेलं पाणी तिच्या गालांवर अजून ओलं होतं, आणि आता त्यात दुसरं मिसळत होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

"मी कशाला सांगू," डागकाकू म्हणाल्या, आणि तीन आठवडे गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "तू माझं टेबल उचलायला निघालीस. एकदाचं उचला म्हणालीस. मी चादरींच्या मागेच होते."

 धाकटीने चिखलाचा हात कपाळावर मारून घेतला, तो तिथे पाचही बोटांनी उमटला. "अहो वहिनी, पुढचं नाही ऐकलंत? उचला आणि माझ्या टेबलासमोर आणून लावा, म्हटलं मी यांना. दाराशी. उजेडात."

"का?"

"का म्हणजे? सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली. तेहतीस वर्षं मी नुसती तुमची पाठ बघतेय."

 धाकटी आता थांबायला तयार नव्हती. पाय जमिनीत पुरलेले, म्हणून गवंडी लागणार होता, गवंडी मंगळवारीच मोकळा, आणि वहिनींना दुकानाबाहेर काढायचं कसं हा प्रश्न होता, तोच तिकिटं आली. आज या क्षणी दुकानात गवंडी जमीन फोडतोय. यंत्राच्या दुरुस्तीला थांबतो म्हणून सकाळी हे म्हणाले ते खोटं होतं. मध्येच तुम्ही कायमच्या लेकीकडे चाललात हे कळलं. हे म्हणाले, आता कशाला खटाटोप, गवंड्याला नको म्हणून सांगू.

"मी म्हटलं, लावून तर ठेवा," धाकटी म्हणाली. "तुम्ही नसाल तर निदान टेबल समोर राहील."

इथे कुणाला वाटेल की दोघी गळ्यात पडून रडल्या असतील. रडल्या थोड्या. पण धाकटीच्या कपाळावर पाच बोटं होती, आणि त्या बोटांकडे बघून गंभीर राहणं डागकाकूंना जमेना. त्यांनी जन्मात पहिल्यांदा एक डाग बघितला आणि तो काढावासा वाटला नाही. उलट स्वतःची पाच बोटं चिखलात बुडवून त्यांनी ती धाकटीच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर, अगदी मोजूनमापून, उठवली. धाकटीने त्यांच्या पाठीवर उठवली. मग काय, साठी उलटलेली एक बाई आणि साठीकडे निघालेली दुसरी, दोघींनी मिळून दोन जोड कपड्यांची जी वाट लावली तशी नवरदेवाच्या सुटाचीही लागली नव्हती. नावाड्याने पाठ फिरवली होती, पण त्याचे खांदे हलत होते.

एक वाजून गेला. नावाडी पाण्यावरच्या एका पानाकडे बघत बसला होता. ते पान बाहेर जायचं थांबलं, जागेवर जरा रेंगाळलं, आणि मग आत यायला लागलं. "फिरलं," तो म्हणाला. पाणी इतकं गुपचूप चढत होतं की बघत राहिलं तर काही होत नाही असं वाटावं, आणि नजर काढून पुन्हा बघावं तर झाडांची नाकं बुडालेली. खेकडे एकेक करून हात खाली घेऊन घरी गेले. दुकान बंद, धाकटी म्हणाली. पलीकडे होडी एकदा हलली, दोनदा हलली आणि सुटली. आली ती सरळ ओहळाच्या मधून, बगळ्याला घेऊन. बगळा टोकावर असा उभा होता की सफरीचं तिकीट त्यानेच काढलंय. दोघींनी त्याला टाळ्या वाजवल्या. तो उडून गेला, आणि होडीत फोन पुन्हा वाजायला लागला.

नावाडी शिडी धरून कमरेपर्यंत पाण्यात उतरला, दोर पकडला, पिशवी वर दिली. अडीच वाजायला आले होते. डागकाकूंनी चिखलाच्या बोटांनी कशीतरी कळ दाबली, फोन कानाला लावला आणि तोंड उघडलं. त्यांना लेकीला सगळं नीट समजावून सांगायचं होतं. तेवढ्यात धाकटीने दोन बोटं त्यांच्या नाकासमोर धरली, कटकट वाजवली आणि साहेबी आवाजात म्हणाली, "फाइल आणा."

डागकाकूंच्या तोंडून जे बाहेर पडलं त्याला बोलणं म्हणता येणार नाही.

"हॅलो," लेक म्हणाली. "हॅलो, कोण बोलतंय? हा माझ्या आईचा फोन आहे. आईला द्या जरा."

"मीच गं."

 डागकाकूंना वाटलं फोन तुटला.

"तू हसत होतीस?" लेकीने विचारलं. मग, "तू अशी हसतेस?"

 पाळण्यातली पोर चौतीस वर्षांची झाली होती. त्यांनी मनाशी जुळवलेलं सगळं बोलणं बाजूला ठेवलं आणि सरळ सांगितलं की होडी माझ्याच हाताने सुटली, म्हणून उशीर झाला. घर दोन खोल्यांचंच घे. तुझं मन मला कळतं, पण माझं टेबल आज दाराशी आलंय. मी येईन, नक्की येईन, पण पर्यटक म्हणून. चार दिवस तुझी खिडकी बघेन, तुझा बाजार बघेन आणि तिकीट दाखवून परत येईन. धाकटीलाही घेऊन येईन.

"उशी घेऊन ठेवली होती मी," लेक म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता.

"ठेव. लागेल."

 घरमालक समोर बसलाय, दोन कप चहा पिऊन झालाय, हे तिने सांगितलं. पण फोन ठेवेना. "आई," ती म्हणाली, "मगाचचं जरा पुन्हा हस ना. मला नीट ऐकू दे."

आता असं मागून कुणाला हसू येतं का? डागकाकूंनी प्रयत्न केला, तो खोकला निघाला. तोवर नावाड्याने होडी मचाणाला भिडवली होती, आणि धाकटीला उतरवायला तो शिडीशी आला होता. फोन कानाशी धरून, काहीतरी मदत करावी म्हणून, डागकाकूंनी सवयीने मोकळा हात दोराकडे नेला.

"काकू," नावाडी घाईघाईने म्हणाला, "दोर मी दातांत धरतो."

धाकटी शिडीच्या मधल्या पायरीवर होती. ती तिथेच अडकली, हसायला लागली तशी शिडी हलायला लागली, आणि दोर दातांत धरलेला नावाडी तिला सावरत काहीतरी सांगू बघत होता, पण हेडक्लार्कसारखं त्यालाही बोलता येत नव्हतं. डागकाकू मचाणावर मटकन खाली बसल्या. फोन हातात तसाच उघडा होता, आणि त्यातून लेकीचा आवाज अगदी बारीक येत होता. ती तिकडे घरमालकाला सांगत होती, "जरा थांबा हं, आई हसतेय."